फूट-दीड फूट आतडं गेलं तर जेवण पचणार कुठे?

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. आम्ही इचलकरंजीचे. मिस्टरांचे यंत्रमाग आहेत, वय ४६. मागच्या वर्षी पोटाचा टीबी निघाला, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, टीबी बरा झाला म्हणाले पण लहान आतड्याच्या शेवटाला आतडं आवळलंय. जेवलं की पोट फुगतं, कळा येतात, मधे ॲडमिटही करायला लागलं. आता सर्जन म्हणतात तेवढा भाग, फूट-दीड फूट, काढून टाकू. मी रात्र रात्र जागी आणि ह्यांना चेष्टा सुचतेय. सर्जननाच विचारलं, 'साहेब, कापलेला तुकडा गिऱ्हाइकाला परत देता ना?' वन्सं म्हणतात आता जन्मभर मऊ भात. सासूबाईंना वेगळीच काळजी, आतडं बाहेर काढल्यावर परत घडी घालून नीट ठेवतात का. मला एवढंच सांगा, आतडंच कमी झालं तर खाल्लेलं पचणार कुठे? आणि ह्यांना गप्प कसं करू? – एक वैतागलेली बायको"

अहो वहिनी, आधी मापाचं बघू, माप तर तुमच्या घरात सगळ्यांनाच कळतं. लहान आतडं साधारण सहा मीटर, म्हणजे वीस फूट धरा. माणसामाणसात फरक असतो, कुणाचं तीन-चार मीटर भरतं तर कुणाचं आठपर्यंत. त्यातलं दीड फूट गेलं तर उरलं किती ते तुमचे मिस्टर तोंडी सांगतील. आतडं कमी पडायला लागलं असं डॉक्टर कधी म्हणतात, तर उरलेलं दोन मीटरच्या खाली आलं की. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. तेव्हा लांबीची काळजी आजपासून बंद. पण तुम्ही सगळे जे विचारताय ना, किती फूट जाणार, किती फूट जाणार, तो प्रश्नच जरा चुकीचा आहे. कुठला फूट जाणार हे विचारायला हवं, कारण लहान आतड्याचा सगळा तागा एकसारखा नसतो आणि तुमच्या मिस्टरांचा नेमका जो तुकडा जाणारे त्याचं काम दुसऱ्या कुठल्या तुकड्याला येत नाही. त्यावर येतेच, आधी तुमचा मूळ प्रश्न, पचतं कुठे.

आपल्याला वाटतं जठरात पचतं. पोट दुखलं की हातही तिथेच जातो. पण जठराचं मुख्य काम म्हणजे साठवायचं, घुसळायचं, ॲसिडने जंतू मारायचे, प्रोटीनची थोडी सुरुवात करून द्यायची आणि हळूहळू पुढे सोडायचं, बस. १८९७ साली झुरिकमध्ये एका बाईंचं अख्खं जठर काढलं होतं आणि त्या नंतर वर्षभराहून जास्त जगल्या, तेही त्या काळात. लहान आतडं मात्र अख्खं काढलं तर तोंडाने जेवून माणूस जगूच शकत नाही, शिरेतून सलाइनसारखं पोषण द्यावं लागतं. तेव्हा खरा स्वयंपाकघर-कम-कोठार-कम-चेकनाका सगळं इथेच आहे आणि कौतुक मात्र सगळं जठराचं.

समजा मिस्टर भाकरी, पिठलं, वर तुपाची धार असं जेवले. जठरातून हे सगळं आमटीइतकं पातळ होऊन चमचा-चमचा करत लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात उतरतं. येताना ॲसिडसकट येतं, आणि आतड्याला ते ॲसिड अजिबात झेपणारं नाही, जठरासारखं जाड अस्तर त्याच्याकडे नाही. तर ॲसिड लागल्या लागल्या आतड्याची भिंत रक्तात एक हॉर्मोन सोडते, सिक्रेटिन, ते स्वादुपिंडापर्यंत पोचतं आणि तिथून खाण्याच्या सोड्यातला जो क्षार असतो तोच भरपूर असलेला रस येतो आणि ॲसिड मारून टाकतो. इनोच्या जाहिराती पाहून आपण समजतो हा शोध कंपन्यांचा, तो आतड्यात आधीपासूनच आहे. हे १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी दाखवलं. कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाच्या सगळ्या नसा तोडल्या, तरी तिथे ॲसिड टाकलं की स्वादुपिंड रस सोडायचंच, म्हणजे निरोप नसांतून नाही तर रक्तातून जातोय. हॉर्मोन ही सगळी भानगड, थायरॉइड, इन्सुलिन, जे काय आज घरोघरी आहे, ती कल्पना या आतड्यापासून सुरू झाली.

मग तूप. तूप आलेलं कळलं की दुसरं हॉर्मोन सुटतं, त्याने पित्ताची पिशवी पिळली जाते आणि जठरालाही निरोप जातो की बाबा दमानं, एवढ्या घाईने पुढे ढकलू नको. मटण खाल्लं की संध्याकाळपर्यंत पोट भरलेलं वाटतं ते त्यामुळेच. पित्त तुपाचे बारीक बारीक थेंब करतं, मग स्वादुपिंडाचं एन्झाइम त्यावर काम करतं. पिठल्यातलं प्रोटीन तोडायला ट्रिप्सिन, आणि ह्याची एक गंमत म्हणजे स्वादुपिंड ते कुलूप लावूनच पाठवतं, कारण चालू अवस्थेत असतं तर निघायच्या आधी स्वादुपिंडच खाऊन टाकलं असतं. कुलपाची किल्ली आतड्याच्या भिंतीवर. आणि भाकरीतल्या पिठाची आधी छोटी साखर होते, तिचे शेवटचे तुकडे भिंतीवरच्या एन्झाइमने होतात. दूध न पचणारी माणसं असतात ना, त्यांचं ह्या भिंतीवरचंच एक एन्झाइम कमी झालेलं असतं.

ही भिंत गुळगुळीत नाही. तिच्यावर वळ्या, वळ्यांवर मिलिमीटरभर उंचीचे मखमलीसारखे केस, आणि त्या केसांवरच्या प्रत्येक पेशीवर परत सूक्ष्म केस. जुन्या पुस्तकांत लिहायचे की हे सगळं पसरलं तर टेनिसचं मैदान भरेल आणि आम्हीही वर्षानुवर्षं तेच घोकलं. २०१४ मध्ये दोघा स्वीडिश संशोधकांनी नीट मोजलं तर ते साधारण ३० चौरस मीटर निघालं. म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. टेनिस कोर्ट गेलं, पण पोटात सव्वातीनशे फुटांचा कार्पेट एरिया, तोही बिल्डरने न फुगवलेला, काही कमी नाही. शिवाय ह्या भिंतीवरच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात, म्हणजे गेल्या रविवारी ज्या पेशींनी जेवण शोषलं त्या आज नाहीतच.

तर पचायला आणि शोषायला जागा भरपूर आहे. साखर, प्रोटीन, फॅट हे बहुतेक सगळं पहिल्या अर्ध्या भागातच आत घेऊन होतं, लोह तर अगदी सुरुवातीलाच. तुमच्या मिस्टरांचा तो भाग शाबूत आहे. म्हणून वन्संना सांगा, भाकरी पचणार.

आता तो शेवटचा तुकडा. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, उजवीकडे अपेंडिक्सच्या शेजारी, तिथला शेवटचा दोनेक फुटांचा भाग. पोटाच्या टीबीला ही जागा फार आवडते, आपल्याकडे हा आजार बघणाऱ्या कुठल्याही सर्जनला विचारा. गोळ्यांनी जंतू मरतात, पण जखम भरताना वण पडतो, वण आकसतो, आणि आतडं आवळतं. म्हणजे टीबी बरा झाला आणि त्रास वाढला असं होऊ शकतं, त्यात डॉक्टरांनी फसवलं असं काही नाही. आणि कळा का येतात, तर आतड्याला कापल्याचं दुखत नाही, ताणल्याचं दुखतं. अरुंद जागेच्या मागे जेवण अडकतं, आतडं फुगतं, जोर लावतं, आणि मिस्टर कुशीवर वळून पाय पोटाशी घेतात.

ह्या तुकड्याची दोन कामं अशी आहेत जी इतर कुणी करत नाही. एक, बी१२ शोषून घेणं. दोन, पित्तातली आम्लं परत गोळा करणं. तुपासाठी आलेलं पित्त वाया घालवायचं नसतं, त्यातलं साधारण ९५ टक्के इथे परत घेतलं जातं, लिव्हरकडे जातं आणि पुन्हा येतं, दिवसातून कितीदा तरी ही फेरी चालते. हा भाग गेला की पित्त मोठ्या आतड्यात सांडतं, तिथे ते जुलाबाच्या औषधासारखं काम करतं. म्हणजे ऑपरेशननंतर काही महिने पातळ, पाण्यासारखी, थोडी घाईची संडास झाली तर "जेवण पचत नाही" असं समजून मऊ भातावर आणायचं नाही, सर्जनना सांगायचं, पित्त बांधून ठेवणारी पावडर मिळते, कित्येकांना ती लागतही नाही. वरचा भाग खालच्या भागाचं काम शिकत नाही हे खरं, पण बाकी उरलेलं आतडं हळूहळू केस वाढवून जास्त शोषायला लागतं, वर्षभर तरी हे चालू असतं. आणि त्यासाठी त्याला रोज जेवण दिसावं लागतं. उपाशी ठेवलेलं आतडं सुस्तावतं. हे वन्संना जरा मोठ्याने वाचून दाखवा.

पातळ होत असताना नुसतं पाणी ढोसू देऊ नका, ओआरएस द्या. आतड्याच्या भिंतीवर एक दार असं आहे की ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीनेच आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ह्याच दाराच्या भरवशावर साखर-मिठाचं पाणी पाजून माणसं वाचवली. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. उशीरच म्हणायचा. घरी पुडी असली तर पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, डोळ्याने अंदाजे नाही.

आता ऑपरेशन. पहिलं म्हणजे सर्जनना एवढं विचारा की कापून काढायचंच आहे की नुसतं रुंद करता येईल. रुंद करायची पद्धत अशी की आवळलेल्या जागी उभा छेद द्यायचा आणि तो आडवा शिवायचा, आतडं थोडं आखूड दिसतं पण रस्ता मोकळा होतो आणि काहीच टाकून द्यावं लागत नाही. टीबीच्या आवळलेल्या आतड्यांसाठी ही युक्ती कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीमध्ये मांडली, नंतर ती दुसऱ्या आजारांसाठी जगभर वापरली गेली. पण हट्ट करू नका. आवळलेला भाग लांब असेल, किंवा अगदी जोडाशी असेल, तर काढून टाकणंच शहाणपणाचं असतं आणि ते पोट उघडल्यावर हातात घेऊनच कळतं. शिवणकामात उभ्याचं आडवं कसं होतं हे मिस्टरांना तरी समजावून सांगायची गरज नाही.

सासूबाईंना सांगा, घडी वगैरे काही घालत नाहीत. सर्जन आतडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन्ही हातांनी वीत-वीत सरकवत तपासतात, आणखी कुठे आवळलंय का बघतात आणि मग पीळ पडला नाही ना एवढं पाहून सरळ आत सोडून देतात. ते हरवत नाही आणि भलतीकडे जात नाही, कारण मागून त्याला एक पातळ पडदा असतो, मेसेंटरी. पाठीच्या बाजूला हा पडदा जेमतेम १५ सेंटीमीटरच्या रेषेवर धरलेला आणि पुढचा काठ मात्र सहा मीटर. साडीच्या निऱ्याच की हो. कमरेत मूठभर खोचलेल्या आणि खाली एवढा घोळ. घोळ कसाही उचलून धरला तरी खोचलेलं सुटत नाही तोवर निऱ्या आपल्या जागी पडतात. सासूबाई नऊवारी नेसत असतील तर त्यांना हे डॉक्टरांपेक्षा आधी कळेल. आणि हो, आतडं बाहेर असतानाही हळूहळू वळवळत असतं, त्याला स्वतःच्या नसांचं जाळं असतं, मेंदूला विचारत बसत नाही. पहिल्यांदा थिएटरमध्ये उभा राहिलेला विद्यार्थी चक्कर येऊन पडतो तो रक्ताने नाही, ह्या वळवळीने.

जोडायला हल्ली धागा नाहीतर स्टेपलर. स्टेपलर ऐकून मिस्टर नक्की काहीतरी बोलणार, तेव्हा त्यांना सुश्रुतसंहितेतलं सांगा. फुटलेल्या आतड्याच्या दोन कडा जुळवून धरायच्या, त्यावर मोठे काळे मुंगळे चावायला लावायचे आणि ते घट्ट चावले की धड तोडून टाकायचं, डोकी तिथेच, झाले टाके. तेही आजच्यासारखी भूल नसताना. त्यापुढे आजचं बिल जास्त असेल पण मुंगळे नाहीत. (बिलात "कन्झ्युमेबल्स" म्हणून जो आकडा येतो त्यात स्टेपलरच असतो, तो महाग असतो, आधी विचारून ठेवा, मेडिक्लेममध्ये बसतो का तेही.)

गप्प कसं करू म्हणता. कशाला करता? माणूस घाबरलाय हो. पुरुषमाणसं रडायच्या ऐवजी सर्जनला तुकडा परत मागतात, त्यात वाईट काय. तुकडा परत मिळत नाही, तो पॅथॉलॉजीला तपासायला जातो, एवढं उत्तर देऊन टाका. मात्र दोन ठिकाणी चेष्टा अजिबात नको. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं की शेवटचं काय खाल्लं, तर तिथे खरंच सांगायचं. आपल्याकडे "काही नाही हो, फक्त चहा" ह्या वाक्याने भूलतज्ज्ञांचे केस पांढरे झालेत. दुधाचा चहा हा त्यांच्या हिशेबात पाणी नाही, साधारणपणे साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं पण दुधाला सहा तास लागतात, आणि मिस्टरांना तर आतडं आवळलेलं असल्यामुळे ह्याहून जास्त वेळ उपाशी ठेवतील, ते सांगतील तसंच. पोटात काही असेल तर भुलेत ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं. तंबाखूचा मावा खात असतील तर तेही लपवायचं नाही, आणि आजपासून बंद.

दुसरं ठिकाण ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस. हसलं की टाक्यांवर ताण येतो आणि चांगलंच दुखतं, खोकल्यावर तर विचारूच नका. छोटी उशी पोटावर दाबून धरायची आणि मग खोकायचं किंवा हसायचं. भेटायला येणाऱ्यात कुणी जोक सांगणारे मामा-काका असतील तर त्यांना आठवडाभर बाहेर चहा पाजा.

आणि मग येतो तो प्रसंग ज्याची अख्खं घर वाट बघतं. राउंडला डॉक्टर येतात, चेहरा गंभीर, मागे सिस्टर फाइल घेऊन, आणि विचारतात काय, तर वारा सरला का. आयुष्यभर ज्याबद्दल बायको डोळे वटारते त्या गोष्टीची पेढे वाटण्यासारखी बातमी होते, गावाला फोन जातात. ह्यामागे शास्त्र आहे. आतड्याला हात लागला की सगळं यंत्र बंद पडतं. लहान आतडं लवकर जागं होतं, काही तासांत किंवा दिवसभरात, जठराला एक-दोन दिवस, मोठं आतडं सगळ्यात आळशी, दोन-तीन दिवस तरी घेतं. वारा सरला म्हणजे शेवटचा आळशीही उठला. हल्ली त्याआधीच थोडं थोडं पाणी, पेज सुरू करतात आणि लवकर उठून चालायला लावतात, काही ठिकाणी च्युइंगम चघळायला देतात, आतड्याला वाटतं जेवण आलं आणि ते कामाला लागतं. च्युइंगम म्हटलंय, मावा नाही.

पण ताप, पोट पुन्हा फुगणं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, छातीत धडधड, उलट्या, असं काही पहिल्या आठवडा-दहा दिवसांत झालं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल. जोड गळतोय का हे बघावं लागतं. आणि ऑपरेशनच्या आधीसुद्धा उलट्या, फुगलेलं पोट आणि वारा बंद हे तिन्ही एकदम आलं तर तारखेची वाट बघू नका.

तोवर जेवायला पातळ, गाळलेलं, चोथा नसलेलं. मक्याचं कणीस, शेवग्याची शेंग, संत्र्याच्या अख्ख्या फोडी, पेरू, सुकं अंजीर हे सगळं आवळलेल्या जागी बूच बसवतं. ऑपरेशननंतरही काही आठवडे तसंच, मग एकेक पदार्थ परत आणायचा. मटण कधी, हे तुम्ही विचारलं नाहीत पण कोल्हापूर जिल्ह्यात राहता म्हणून सांगते: आधी साधं सूप, मग कमी तेलाचा रस्सा थोडासा, आणि पित्त सांडण्याचं जे वर सांगितलं त्यामुळे तर्री सगळ्यात शेवटी. जास्त तेलाने पातळ झालं तर तेल कमी, मटण बंद नाही.

बी१२ चं विसरू नका, कारण ते लगेच कमी होत नाही. लिव्हरमध्ये साठा असतो, काही वर्षं पुरतो, म्हणून ऑपरेशन विसरून गेल्यावर पायाला मुंग्या, जीभ गुळगुळीत, थकवा, विसराळूपणा सुरू होतो आणि सगळे म्हणतात वय झालं. साधारण दोन फुटांच्या वर शेवटचा भाग गेला तर इंजेक्शन कायमचं धरूनच चालायचं, दीड फूट म्हणजे काठावर, तर आत्ताच रक्तात बी१२ किती आहे ते तपासून घ्या आणि मग वर्षातून एकदा. आपल्याकडे बऱ्याच लोकांचं आधीच कमी असतं, पूर्ण शाकाहारींचं जास्तच. कमी निघालं तर इंजेक्शन स्वस्त आहे.

डिस्चार्ज कार्डवर "आतड्याचं ऑपरेशन झालं" एवढंच लिहून देतात कधी कधी. तसं नको. कुठला भाग, किती सेंटीमीटर काढला, किती उरला आणि मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली झडप ठेवली की गेली, हे लिहून मागा, कारण झडप गेली असेल तर पातळ होण्याचं प्रमाण जास्त असतं आणि दहा वर्षांनी दुसरा डॉक्टर हेच विचारणार. कार्डाचा फोटो काढून दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट डिस्चार्जच्या दिवशी तयार नसतो, मागाहून येतो, बहुतेक लोक तो न्यायलाच विसरतात. टाके काढायला जाल तेव्हा मागून घ्या, त्यात टीबी अजून जिवंत दिसला तर गोळ्यांचं पुन्हा ठरवावं लागेल.